सल्लागाराने दर कमी लावला की काय बिघडते, आणि तो कसा ठरवावा

नोकरी सोडल्यावर स्वतंत्र सल्लागार म्हणून मी घेतलेले पहिले काम भोसरीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्याचे होते. तिथे आयएसओ ९००१ ची गुणवत्ता व्यवस्था उभी करायची आणि प्रमाणपत्राच्या तपासणीपर्यंत कारखान्याला न्यायचे, एवढे ते काम. मी मनातल्या मनात दहा फेऱ्या धरल्या आणि ४५,००० रुपये सांगितले. मालकांनी क्षणाचाही विचार न करता होकार दिला आणि मला त्याचा आनंदच झाला. प्रत्यक्षात एकतीस फेऱ्या झाल्या. फेरीमागे साधारण १,४५० रुपये पडले आणि कोथरूडहून भोसरीला जाण्यायेण्याचा खर्च त्यातूनच भागवायचा होता. घरी बसून लिहिलेल्या कार्यपद्धती, तक्ते आणि अहवाल यांचे तास तर मी मोजलेच नव्हते.

पैशांचे नुकसान भरून निघाले. त्याहून जास्त त्रास दोन गोष्टींनी दिला. आयएसओ ९००१ मध्ये वरिष्ठ व्यवस्थापनाने स्वतः आढावा घेणे बंधनकारक आहे, तरीही त्या कामात मालक एकाही आढावा बैठकीला पूर्ण वेळ बसले नाहीत, कारण ४५,००० रुपयांच्या कामासाठी अर्धा दिवस मोडावा असे त्यांना वाटले नाही. दुसरी गोष्ट अशी की त्यांनी समाधानाने माझे नाव आणखी तीन कारखान्यांना सुचवले आणि नावासोबत दरही सांगितला. पुढची दोन वर्षे मी त्या आकड्याशीच झगडत होते.

हिंजवडी, खराडी, चाकण, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात दहा-पंधरा वर्षे नोकरी करून सल्लागारीकडे वळणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. माझे क्षेत्र कारखान्यांतील गुणवत्ता व्यवस्थापन असल्याने उदाहरणे तिथलीच आहेत. सॉफ्टवेअर, वित्त किंवा मनुष्यबळ या विषयांत सल्ला देणाऱ्यांना आकडे बदलावे लागतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

पगाराला पंचवीसने भागू नये

नवीन सल्लागार बहुधा असा हिशेब करतो: माझी सीटीसी (कंपनीने धरलेले वर्षाचे एकूण वेतन) १८ लाख होती, म्हणजे महिन्याला दीड लाख, महिन्यात कामाचे दिवस पंचवीस, म्हणून दिवसाला ६,००० रुपये. हा हिशेब वरवर निर्दोष दिसतो आणि त्यामुळेच फसवतो. त्यात दोन गृहीतके लपलेली आहेत. वर्षातल्या प्रत्येक कामाच्या दिवसाचे पैसे मिळतील हे एक, आणि पगाराखेरीज कंपनी आपल्यावर काहीच खर्च करत नव्हती हे दुसरे. ही दोन्ही खोटी आहेत.

आधी दिवस मोजावेत. वर्षाचे ३६५ दिवस. आठवड्याला एक सुट्टी धरली तर ३१३ उरतात. गणपती, दसरा, दिवाळी आणि इतर सणांचे १४ दिवस वजा केले की २९९. आजारपण, घरची कार्ये आणि थोडी विश्रांती यांसाठी २४ दिवस काढले की २७५. (पुण्यात एक अडचण आणखी आहे. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तर हिंजवडीच्या कंपन्यांना शनिवार-रविवारी. दोन्हीकडे ग्राहक असले आणि आपण ठाम राहिलो नाही, तर स्वतःची सुट्टी कागदावरच राहते.) या २७५ दिवसांपैकी पैसे मिळणारे दिवस साधारण निम्मेच असतात. बाकीचे दिवस नव्या ग्राहकांना भेटण्यात, कोटेशन लिहिण्यात, थकलेल्या बिलांचा पाठपुरावा करण्यात आणि स्वतःचे ज्ञान ताजे ठेवण्यात जातात. माझ्या स्वतःच्या नोंदवहीत चांगल्या वर्षी १४० दिवस भरतात, म्हणून पुढच्या हिशेबात तोच आकडा घेते.

आता खर्च मोजावा. कुटुंबाचा आरोग्य विमा ५०,०००, प्रवास १,२०,०००, संगणक आणि सॉफ्टवेअर ६०,०००, सीएची फी ४०,०००, प्रशिक्षण आणि मानकांच्या अधिकृत प्रती ४०,०००, घरातील कार्यालयाचा खर्च ४०,०००. एकूण ३,५०,०००. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. १८ लाखांत हे साडेतीन लाख मिळवले की २१,५०,००० होतात. त्यावर रिकाम्या महिन्यांसाठी आणि बुडालेल्या बिलांसाठी १५ टक्के धरले की एकूण गरज २४,७२,५०० रुपयांची होते. भागिले १४० केले की दिवसाचा दर सुमारे १७,७०० रुपये येतो.

म्हणजे ६,००० आणि १७,७०० हे एकाच माणसाच्या एकाच दिवसाचे दोन दर आहेत. ६,००० रुपयांनी १४० दिवस काम केले तर हाती ८,४०,००० येतात, त्यातून खर्चाचे साडेतीन लाख गेले की ४,९०,००० उरतात, आणि १८ लाखांची नोकरी सोडून आपण हे करत असतो. शिवाय सीटीसीमध्ये कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतला हिस्सा आणि बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीची तरतूद धरलेली असते. आता म्हातारपणाची तरतूद त्याच १८ लाखांतून आपणच करायची असते. ती बाजूला न काढता सगळी रक्कम घरखर्चात जिरवली, तर आपण पूर्वीपेक्षा कमी कमावत आहोत हे पंधरा वर्षांनी कळते.

हा १७,७०० चा आकडा ग्राहकाला दाखवण्यासाठी नाही. ग्राहकाला आपल्या घरखर्चाशी कर्तव्य नसते आणि नसावेही. याच्या खाली उतरायचे नाही, ही आपली स्वतःची खालची मर्यादा आहे. ती कागदावर लिहिलेली नसेल, तर समोरच्याने चेहरा पाडला की आपण आपोआप खाली येतो.

कमी दराने कामाचा स्वभाव बदलतो

दर कमी लावला तर पैसे थोडे कमी मिळतील आणि बाकी सारे तसेच राहील, असे सुरुवातीला वाटते. माझ्या अनुभवात ते कधीच खरे ठरले नाही, आणि या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचे आहे. कमी दरात ठरलेले काम हे वेगळेच काम होऊन बसते.

पहिला बदल ग्राहकाच्या वागण्यात होतो. सल्ल्याचे काम एकट्या सल्लागाराने पार पडत नाही. कारखान्यातले उत्पादन प्रमुख, देखभाल विभाग, स्टोअर, परचेस या सगळ्यांनी वेळ दिला तरच व्यवस्था बदलते. ज्या कामासाठी मालकाने नीट पैसे मोजलेले असतात, त्याच्या बैठका पुढे ढकलल्या जात नाहीत. ज्यासाठी किरकोळ रक्कम दिलेली असते, त्या बैठकीच्या दिवशी डिस्पॅच निघतो, मशीन बंद पडते, ऑपरेटर कमी येतात, आणि मॅडमना पुढच्या आठवड्यात बोलावू असे ठरते. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकाच्या प्रमाणन नियमांनुसार तपासणीच्या दिवशी सल्लागाराला कारखान्यात हजर राहता येत नाही. तिथल्या माणसांनाच उत्तरे द्यावी लागतात. ज्या लोकांनी सहा महिने बैठका टाळल्या, ते त्या दिवशी काय सांगणार? मग त्रुटी निघतात, आणि त्यांचा दोष स्वस्तातल्या सल्लागाराच्या माथी येतो.

दुसरा बदल आपल्या वागण्यात होतो. दर निम्मा असला की काम दुप्पट घ्यावे लागते. सकाळी चाकण, दुपारी रांजणगाव, संध्याकाळी तळेगाव अशा फेऱ्या सुरू होतात. विचार करायला वेळ उरत नाही आणि एका कारखान्यासाठी केलेला कंट्रोल प्लॅन (उत्पादनात काय, कसे तपासायचे याचा आराखडा) दुसऱ्याच्या नावाने फिरतो. एफएमईएच्या, म्हणजे संभाव्य बिघाड आणि त्यांच्या परिणामांच्या, तक्त्यात ज्या बिघाडाचा त्या मशीनशी काही संबंधच नाही तोही छापला जातो. हे मी इतरांच्या कामात पाहिले आहे, आणि दोन प्रसंगी माझ्या कामातही सापडले. त्या दिवशी मला जी लाज वाटली ती कोणत्याही कमी रकमेपेक्षा मोठी होती. सल्लागाराकडे विकायला स्वतःच्या विचाराखेरीज काहीच नसते, आणि कमी दर सगळ्यात आधी तोच खातो.

तिसरी अडचण पहिल्या आकड्याच्या चिवटपणाची आहे. एकदा सांगितलेला दर हा ग्राहकाच्या मनात आपली किंमत म्हणून बसतो. पुढच्या वर्षी त्यावर दहा टक्के वाढ मागितली तरी ती वाढ चुकीच्या पायावरच होते. आणि पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात लोक एकमेकांना ओळखतात. एकाच मोठ्या कंपनीला माल पुरवणारे पुरवठादार तिच्या पुरवठादार बैठकांत भेटतात आणि सल्लागारांची नावे तिथेच फिरतात. «त्यांचे इतक्यात केलेत, आमचे का नाही?» या प्रश्नाला सभ्य उत्तर नसते. स्वस्त दराने मिळालेली ओळख स्वस्त ग्राहकच आणते, आणि त्यांच्यामागे धावताना चांगल्या ग्राहकाकडे जायला दिवस उरत नाही.

चौथी, कामाची हद्द वाढत जाणे. «जाता जाता एवढे बघून जा», «या ग्राहकाच्या तक्रारीला एक ८डी (आठ पायऱ्यांचा उपाय अहवाल) लिहून द्या», «नव्या मुलांना एक तास शिकवा». मागणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो. मात्र कमी पैसे घेणारा माणूस नाही म्हणत नाही, हे त्याला अनुभवाने कळलेले असते. आपणही भिडेखातर करत राहतो. भीड भिकेची बहीण असे आपल्याकडे म्हणतात, आणि सल्लागारीत ते शब्दशः खरे आहे.

«पहिले काम करून दाखवा, पुढे वर्षभराचे देऊ» हे आमिषही याच जातीचे आहे. पुढचे काम खरोखरच द्यायचे असेल तर ते आजच लिहून देता येते. वर्षभराची ऑर्डर पूर्ण दराने द्यावी आणि चौथ्या तिमाहीत ठरलेली सवलत घ्यावी, असा उलटा प्रस्ताव मी ठेवते. तो मान्य करणारे थोडे असतात, पण त्या थोड्यांबरोबरची माझी कामे वर्षानुवर्षे चालली आहेत.

फायद्याशी फीची सांगड

दिवसाचा दर ही खालची मर्यादा झाली. वरची बाजू ग्राहकाला होणाऱ्या फायद्यावरून ठरते, आणि अनुभवी माणूस सर्वात जास्त इथेच हरवतो. जे काम करायला नवख्याला वीस दिवस लागतात ते अनुभवी सल्लागार आठ दिवसांत करतो. फक्त दिवसांवर पैसे घेतले तर जितके कौशल्य अधिक तितकी कमाई कमी, असा उलटा न्याय होतो.

एक उदाहरण घेऊ. दरमहा ८० लाख रुपये उत्पादन खर्चाचा माल बनवणाऱ्या कारखान्यात ३ टक्के माल नापास होऊन भंगारात जातो. तो १ टक्क्यावर आणला तर महिन्याला १,६०,००० रुपये वाचतात, वर्षाला १९,२०,०००. भंगाराच्या विक्रीतून येणारे पैसे वजा केले तरी मोठी रक्कम शिल्लक राहते. या कामाला माझे पंधरा दिवस लागणार असतील, तर खालच्या मर्यादेने २,६५,५०० रुपये होतात. इथे ४ लाख मागणे ग्राहकाच्या दृष्टीनेही रास्त आहे, कारण वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतच त्याचे पैसे वसूल होतात.

यासाठी कोटेशनच्या आधी प्रश्न विचारावे लागतात. सध्या नापास मालाचे प्रमाण किती आहे आणि ते कोण मोजते? ग्राहक कंपनीकडून परत आलेल्या मालाचा खर्च कोणत्या खात्यावर पडतो? हे काम केले नाही तर वर्षभरात काय होईल? पहिल्या भेटीतच दर विचारला गेला तर मी आकडा सांगत नाही. «आधी काम समजून घेते, दोन दिवसांत लेखी पाठवते» एवढेच म्हणते. घाईत तोंडी सांगितलेला आकडा जवळजवळ नेहमी कमी असतो, हे माझ्या जुन्या वह्या चाळल्यावर माझ्या लक्षात आले.

जिथे आकडेच उपलब्ध नसतात, तिथे दोन-तीन दिवसांची सशुल्क पाहणी हे पहिले काम म्हणून द्यावे. कारखाना पाहायचा, नोंदी तपासायच्या आणि आठ-दहा पानांचा अहवाल द्यायचा. तो अहवाल घेऊन ग्राहकाने दुसऱ्या सल्लागाराकडे गेले तरी चालेल, हे आधीच सांगून टाकावे. पाहणी फुकट करू नये. फुकट पाहणीचा अहवाल कपाटात जातो.

कोटेशनमध्ये काय लिहावे

कोटेशनची पाने वाढवून उपयोग नाही, त्यात हद्द नेमकी हवी. काम कोणत्या प्लांटचे, कोणत्या विभागांचे, किती फेऱ्यांचे, प्रत्येक फेरी किती तासांची, कोणती कागदपत्रे आपण लिहिणार आणि कोणती ग्राहकाची माणसे लिहिणार, हे स्पष्ट लिहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय समाविष्ट नाही तेही लिहावे. प्रमाणन संस्थेची फी, मोजमाप उपकरणांचे कॅलिब्रेशन, बाहेरगावच्या प्लांटचा प्रवास, ग्राहक तक्रारींची उत्तरे या गोष्टी वेगळ्या आहेत असे एका ओळीत आले की पुढचे अर्धे वाद मिटतात. ठरलेल्या फेऱ्या संपल्यावर पुढच्या फेरीचा दर काय, हेही त्याच पानावर असावे.

अंदाजाने काढलेल्या दिवसांवर पंचवीस टक्के जास्तीचे दिवस धरावेत. सल्लागार आपल्या वेगाने काम मोजतो, पण काम ग्राहकाच्या वेगाने होते. माझ्या पहिल्या कामातल्या दहा फेऱ्यांचा अंदाज माझ्या कौशल्याबाबत बरोबर होता. कारखान्यातल्या लोकांना सवय लागायला किती दिवस लागतील, याचा विचार त्यात नव्हता.

पैशांचे टप्पे कामाच्या टप्प्यांशी बांधावेत. सुरुवातीला ४० टक्के, कागदपत्रांचा पहिला संच दिल्यावर ३० टक्के, आणि अंतर्गत तपासणी पूर्ण झाल्यावर ३० टक्के, अशी माझी रीत आहे. शेवटचा हप्ता प्रमाणपत्र मिळण्याशी कधीही जोडू नये, कारण ती तारीख आपल्या हातात नसते. प्रमाणन संस्थेचा तपासनीस उपलब्ध नसला किंवा ग्राहकाने स्वतःहून तपासणी पुढे ढकलली, तरी आपले पैसे अडकतात. आगाऊ रक्कम द्यायला अजिबात तयार नसलेला ग्राहक नंतर वेळेवर पैसे देतो, असे मला आजवर दिसलेले नाही.

शक्य असेल तिथे एका आकड्याऐवजी दोन-तीन पर्याय द्यावेत. एका पर्यायात फक्त मार्गदर्शन आणि महिन्याला दोन फेऱ्या, दुसऱ्यात कागदपत्रे आणि प्रशिक्षणासह पूर्ण काम, तिसऱ्यात त्यापुढे वर्षभर देखरेख. एकच आकडा असला की चर्चा हो किंवा नाही यावर येते आणि मग घासाघीस सुरू होते. पर्याय असले की कोणते काम हवे यावर बोलणे होते.

दर कमी करा म्हटल्यावर

हे म्हटले जाणारच. परचेस विभागातल्या माणसाचे कामच दर खाली आणणे हे असते आणि त्यात तो आपला अपमान करत नसतो. तरी वीस टक्के सवलत ही दिसते तेवढी लहान नसते. १७,७०० चा दर २० टक्क्यांनी उतरवला की १४,१६० होतो, आणि वर्षाची तीच गरज भागवायला १४० ऐवजी सुमारे १७५ दिवस भरावे लागतात. म्हणजे ३५ दिवस, एका पूर्ण महिन्याहून अधिक काम, एका «बरं» या शब्दात देऊन टाकलेले.

त्यासाठी मी स्वतःला एकच नियम घातला आहे: रक्कम कमी करायची असेल तर काम कमी करायचे, दर नाही. प्रत्यक्षात ते बोलणे असे होते.

«मॅडम, तीन लाख फार होतात. आपल्या घरचेच काम समजा आणि दोनमध्ये बसवा.»

«साहेब, दोन लाखांत करता येईल असे काम मी नक्की सुचवते. प्रशिक्षण तुमच्या एचआरने घ्यावे आणि कार्यपद्धतींचे पहिले मसुदे तुमच्या विभागप्रमुखांनी लिहावेत. मी ते तपासून देईन. फेऱ्या बाराऐवजी आठ होतील.»

बहुतेक वेळा यानंतर ग्राहक मूळ प्रस्तावाकडेच वळतो, कारण आपल्या माणसांकडे तेवढा वेळ नाही हे त्याला ठाऊक असते. काही वेळा तो खरोखर छोटे काम निवडतो, आणि तेही चांगलेच असते. त्याच कामाचा आकडा काहीही न बदलता तीनवरून दोनवर आणला, तर आधी मी एक लाख उगाच मागत होते असा अर्थ निघतो आणि पुढच्या प्रत्येक आकड्यावर त्याचा विश्वास उरत नाही.

आकडा सांगितल्यावर गप्प राहायला शिकणे हे मला सगळ्यात जड गेले. समोरचा विचार करत असतो, खोलीत शांतता पसरते, आणि ती सहन न होऊन आपणच म्हणतो, «थोडे कमी-जास्त बघू.» ते वाक्य कोणी मागितलेले नसते.

मुद्दाम कमी पैशांत किंवा विनामूल्य करावी अशी कामेही असतात. एखादी सामाजिक संस्था, पहिल्यांदाच धंदा उभा करणारी एखादी उद्योजिका, किंवा जिथे आपल्यालाच काही नवे शिकायचे आहे असे काम. ते मनापासून करावे. मात्र बिलावर पूर्ण रक्कम लिहावी, खाली सवलत वेगळ्या ओळीत दाखवावी आणि वर्षात अशी किती कामे घ्यायची ते आधी ठरवावे.

इतरांचे दर काय आहेत हे विचारायला संकोच करू नये. सेनापती बापट रस्त्यावरच्या मराठा चेंबर या उद्योग संघटनेच्या कार्यक्रमांत, प्रशिक्षणांत, जुन्या सहकाऱ्यांच्या भेटीत मी थेट विचारते आणि स्वतःचा दरही सांगते. पुण्यातल्या आमच्या क्षेत्रात दर दबलेले राहिले याचे एक मोठे कारण म्हणजे आम्ही आपसात पैशांबद्दल बोलतच नव्हतो.

जीएसटी, टीडीएस आणि थकलेली बिले

दर योग्य लावूनही शेवटी कमी पैसे हाती येण्याची वाट इथून जाते. सल्लागारीच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे आणि सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी आवश्यक ठरते. वर काढलेला २४,७२,५०० चा आकडा ही मर्यादा ओलांडतो. नोंदणी टाळण्यासाठी दर किंवा काम २० लाखांच्या आत ठेवणारे सल्लागार मला भेटले आहेत, आणि त्यांचा हा विचार मला चुकीचा वाटतो. ग्राहक स्वतः जीएसटी नोंदणी असलेला कारखाना असेल तर आपण लावलेल्या कराचे इनपुट क्रेडिट (स्वतःच्या जीएसटीतून वजावट) त्याला सर्वसाधारणपणे मिळते, त्यामुळे तो १८ टक्के त्याच्यासाठी खर्च नसतो.

नोंदणी असताना «सगळे मिळून एक लाख» असे कधीही म्हणू नये. त्या एक लाखातले १५,२५४ रुपये जीएसटी म्हणून सरकारला जातात आणि आपली फी ८४,७४६ उरते. त्यावर १० टक्के टीडीएस कापला गेला की बँकेत ९१,५२५ रुपये येतात, आणि त्यातून जीएसटी भरायचा असतो. म्हणून कोटेशनमध्ये «फी, अधिक लागू जीएसटी» अशीच ओळ हवी. बिलात जीएसटी वेगळा दाखवला की टीडीएस फक्त मूळ फीवर कापला जातो. टीडीएस हा बुडालेला पैसा नाही, विवरणपत्र भरताना तो आपल्या करातून वळता होतो. पण महिन्याच्या खर्चाला तो हाती नसतो, हे धरून चालावे. तांत्रिक सल्लागार आणि अभियंते अशा ठरावीक व्यवसायांना ५० लाखांपर्यंतच्या जमेवर, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत, निम्मी जमा उत्पन्न मानून कर भरण्याची सोय आहे. आपला व्यवसाय त्यात बसतो का, ते सीएला विचारून घ्यावे.

थकबाकी हा लपलेल्या सवलतीचाच प्रकार आहे. सहा महिन्यांनी मिळालेला रुपया हा आज मिळालेल्या रुपयाइतका नसतो, आणि बिल काढल्यावर त्यावरचा जीएसटी मात्र ग्राहकाने पैसे दिले नसले तरी मुदतीत भरावा लागतो. काम घेण्यापूर्वीच उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, करून ठेवावी. ती मोफत आहे आणि ऑनलाइन होते. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागू होते. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर ग्राहकाला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वजावटीला मिळत नाही. मी प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापते. व्याज मागण्याची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. मार्च जवळ आला की लेखा विभागाचा फोन मात्र स्वतःहून येतो.

जुन्या ग्राहकांचा दर वाढवताना

आधी कमी दरात घेतलेली कामे चालू असतील तर सगळ्यांना एका दिवशी दुप्पट दर सांगू नये. नव्या ग्राहकांना आजपासून योग्य दर लावावा, आणि जुन्यांना आर्थिक वर्षाच्या सुरुवातीपासून, महिनाभर आधी लेखी कळवून. मी फेब्रुवारीच्या शेवटी पाठवते ते पत्र असे असते: «गेल्या वर्षात आपल्या प्लांटमध्ये अंतर्गत तपासणीतील प्रलंबित त्रुटी २२ वरून ६ वर आल्या. १ एप्रिलपासून माझी फी प्रतिदिवस अमुक रुपये, अधिक लागू जीएसटी अशी राहील. सध्या चालू असलेल्या ऑर्डरचे काम जुन्याच दराने पूर्ण होईल.» आधी झालेल्या कामाचा आकडा, मग नवा दर, मग चालू कामाबद्दलचा शब्द. महागाई, पेट्रोल, मुलांच्या शाळेची फी यांपैकी काहीही त्यात लिहीत नाही आणि दिलगिरीही व्यक्त करत नाही.

पहिल्या वर्षी अशी पाच पत्रे मी पाठवली. तिघांनी काही न विचारता नवी पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) दिली, एकाने फेऱ्या कमी केल्या आणि एकाने काम थांबवले. थांबलेला ग्राहक माझ्या पैसे मिळणाऱ्या दिवसांपैकी सर्वात जास्त दिवस घेत होता, आणि त्याच्याकडे जाणारे महिन्याचे चार दिवस मोकळे झाल्यावर मी चाकणमधल्या एका प्लांटचे, सहा महिने वेळ नाही म्हणून टाळलेले, काम घेतले.